बहुरूपी कार्ड आणि विसावी खोली

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी आठपर्यंत धुकं, नंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळकी तांब्याची तार कोपऱ्यातल्या पोत्यात टाकायची सवय असते. रोज मूठभर. एक दिवस पोतं हलवायला जावं तर ते हलतच नाही! किश्शांचंही तसंच होतं. माझी वही खरं तर मोटारींसाठी: कुणाची आली, किती वेढे, कधी दिली. पण दोन वर्षांपासून दर रविवारी, खडेबाजारामागच्या बोळातल्या माझ्या दुकानात आम्ही चौघं जुन्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला जमतो, आणि वहीत मोटारींपेक्षा रविवारच जास्त झाले आहेत. आजची नोंद करण्याआधी मागच्या काही इथे उतरवून ठेवतो.

*

आधी भानगड काय ती सांगतो. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी निपाणीत एक कॉम्प्युटर क्लास होता. तिथं रबरी बटणांचं एक विलायती मशीन होतं, आणि गेम कॅसेटवर असायचे. आम्ही चौघं तिथलेच. ते मशीन केव्हाच मेलं, कॅसेटी उरल्या. माझ्याकडे भंगारातून आलेलं त्याच काळातलं एक जपानी मशीन आहे. ते चालतं, पण त्याला त्या कॅसेटी कळत नाहीत. मग आमच्यातल्या सुमनआक्कानं एक कार्ड जुळवलं. जपानी मशीनच्या खाचेत ते बसवलं की मशीन स्वतःला विलायती समजायला लागतं! आम्ही त्या कार्डाला बहुरूपी म्हणतो.

सुमनआक्का टेलिफोन खात्यात इंजिनिअर होती, आता स्वेच्छानिवृत्त. तिची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आईची बोटं पानांवर जशी चालायची, तशी लेकीची सोल्डरवर चालतात.

माझ्या बायकोनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याचं सोंग?"

"व्हय."

"आणि बघायला चार म्हातारे. चालू द्या!"

*

एकदा एक गिऱ्हाईक पंपाची मोटार न्यायला आलं. पाच मिनिटं आमच्याकडे बघत उभं राहिलं. मग खिशातून मोबाइल काढून म्हणालं, "हे समदं ह्याच्यावर फुकट चालतंय की! कशाला एवढा पसारा?"

सुमनआक्का मान वर न करता म्हणाली, "मोबाइलवर बायकोचा फोटो हाय न्हवं?"

"हाय की."

"मग संध्याकाळी घरी कशाला जातासा?"

गिऱ्हाईक मोटार घेऊन गेलं. त्यानंतर त्याची दुसरी मोटार आलेली नाही.

*

आता मुख्य प्रकरण. तानाजीअण्णा सदलग्याचे. घरची शेती, आणि हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळतात. क्लासमधल्या एका गेममध्ये बुरुजातल्या वीस खोल्या पार करायच्या असतात. खोल्या, शिड्या, वरून पडणारे धोंडे. अण्णांनी त्या काळी विसावी खोली पार केली असं ते सांगतात. त्या दिवशी सदलग्याची यात्रा होती, क्लासमध्ये दुसरं चिटपाखरू नव्हतं. अण्णांनी सायकल मारत गाव गाठलं आणि यात्रेत जिलेबी खात उभ्या असलेल्या भरमाप्पाला बातमी दिली.

भरमाप्पा, आमच्यातला चौथा, म्हणाला, "कोण बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. भरमाप्पाचं आता निपाणीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, डोक्यावरचे केस गेले आहेत, पण प्रश्न तोच आहे. अण्णांच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यानं नवऱ्या मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "पाव्हणं, माणूस सोन्यासारखा. जन्मात एकच थाप मारलीया. ती मात्र मागं घेत न्हाय!"

तेव्हापासून दर दिवाळीला जावई विचारतो, "मामा, विसावी खोली खरी का?" सगळे हसतात. अण्णाही हसतात. मला एकदा म्हणाले, "वहीवाले, मी गेल्यावर लोकं म्हणतील, चांगला हुता, पर थापाड्या हुता."

*

कॅसेटवरून गेम चढायला चार मिनिटं पन्नास सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ टीव्हीतून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज येत राहतो. एका रविवारी आक्कानं कार्डात सुधारणा केली. गेम दोन सेकंदांत चढला!

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. अण्णांचा चष्मा पुसून झाला नव्हता. माझी पेन्सिल टोकदार व्हायची होती.

"आनि च्या कवा प्यायचा?" भरमाप्पानं विचारलं.

सुधारणा एकमतानं रद्द झाली. वहीत ठराव आहे, सह्या आहेत. सुधारणा रद्द करायला आक्काला दोन आठवडे लागले.

*

बहुरूपी आल्यावर अण्णा तोच गेम सगळ्यांसमोर पार करून दाखवायला बसले, आणि सुरुवातीचे तीन रविवार पहिल्याच खोलीत मरत होते. भरमाप्पाला एवढा आनंद त्याच्या मुलाला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

चौथ्या रविवारी मी नुसतं अण्णांच्या अंगठ्याकडे बघत बसलो आणि मोजलं. प्रत्येक उडीला ते बटण दोनदा दाबत होते. मग उलगडा झाला. क्लासमधल्या मशीनचं उडीचं बटण बिघडलेलं होतं, पहिल्या दाबाला ते लागायचंच नाही. अण्णांचा अंगठा त्यावरच तयार झालेला. इथं बटण धडधाकट, त्यामुळे गडी दोन उड्या मारून खाली पडायचा.

"मशीन बरोबर हाय, म्हणून चुकायलंय," अण्णा म्हणाले.

आक्कानं कार्डात बिघाड बसवून दिला. आता पहिला दाब वाया जातो. त्या दिवशी अण्णा सहाव्या खोलीपर्यंत गेले.

भरमाप्पा म्हणाला, "आक्का, आता क्लासमागच्या गटारीचा वास पन बसव की!"

*

दुकानांच्या पाट्यांवर कन्नड आहे का ते बघायला एकदा एक सरकारी साहेब आले. माझी पाटी नियमाप्रमाणे आहे. ती बघून झाली, तरी साहेब हलेनात. नजर टीव्हीवर.

"इदराग कन्नड बर्तैतेनरी?" त्यांनी विचारलं. म्हणजे, ह्या मशीनवर कन्नड येतं का?

आक्का कन्नडमधूनच म्हणाली, "नाही साहेब. मराठीही येत नाही. इंग्रजी येतं, पण नीट विचारलं तरच."

साहेबांनी थोडा विचार केला. सगळ्यांवर सारखाच अन्याय होतोय याची खात्री पटल्यावर बॅग खाली ठेवली आणि स्टूल ओढून घेतलं. चाळीस मिनिटं थांबले. तिसऱ्या खोलीपर्यंत गेले.

*

बहुरूपीत आणखी एक सोय आहे. गेम कुठेही थांबवून ठेवता येतो, आणि मेलं की तिथून पुन्हा सुरू करता येतो. अण्णा एकोणिसाव्या खोलीत पाच वेळा मेले, तेव्हा आक्का म्हणाली, "अण्णा, हितनं ठेवू का? कुणाला सांगत न्हाय."

"नको. पुस्तक उघडून पेपर लिहिला आनि पास झालो, असं हुईल."

"तू तर पेपरलाच बसला न्हवतास," भरमाप्पा म्हणाला.

अण्णांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

आज अण्णा पहिल्या एसटीनं आले. मंगळवारी त्यांच्या उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन आहे. अंगठा पुढे किती वाकेल ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणजे रविवार हा एकच.

भरमाप्पा निपाणीहून स्वतःच्या दुकानातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेऊन आला. "क्लासात हाच हुता. मागनं कुणी म्हनाय नको, रंगीत टीव्हीवर सोपं जातंय." मग त्यानं दुकानात नजर फिरवली. ती इन्व्हर्टरवर थांबली.

"तवा इन्व्हर्टर हुता का रं?"

"भरमाप्पा, हा मूर्खपणा हाय," आक्का म्हणाली.

"काढा," अण्णा म्हणाले. "बोलायला जागा नको."

मी वायर काढली. वेळ १०.०५.

गेम चढला, चहा झाला. एकोणिसावी पार झाली तेव्हा आक्कानं माझा दंड धरला होता. ११.३८ ला अण्णा विसाव्या खोलीत शिरले. वहीत ही खोली पहिल्यांदाच आली. अण्णा एका कोपऱ्यात उभे राहून नुसते बघत राहिले. वरून धोंडे कसे पडतात, शिडी कधी सरकते, दार कुठं आहे. आम्हीही बघितलं. चार मिनिटं.

मग ते निघाले. पहिली शिडी चढले, आणि लाइट गेली.

टीव्हीवरचं चित्र मधोमध एका ठिपक्यात गोळा झालं आणि विझलं. पंखा हळूहळू थांबला. आक्कानं कपाळावर हात मारला.

बटणांचा आवाज मात्र थांबला नाही. अण्णा काळ्या काचेकडे बघत खेळतच होते. "डावीकडं तीन पावलं," ते स्वतःशीच म्हणाले. टक टक. "धोंडा गेला. आता शिडी."

मी भरमाप्पाकडे बघितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो टीव्हीवर वाकला होता.

"थांब! दुसरा येतोय वरनं!"

"म्हाईत हाय."

"शिडी सरकायली, तान्या!"

"सरकू दे की. परत येतीया."

"आली! आता! उडी मार रं, उडी!"

टक टक.

अण्णांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. बाहेर बोळात भांडीवाल्याचा आवाज येत होता. भरमाप्पा बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, मनगटानं तोंडावरचा घाम पुसला.

"गेलास की रं दारातनं!" तो म्हणाला, आणि माझ्यासमोरची वही स्वतःकडे ओढली.

लाइट गेली ११.४२, आली १.१०. स्कोअर दिसला नाही. खोली विसावी, पूर्ण. बघणारा: भरमाप्पा. सही आहे.