अर्धी राहिलेली बाही
आमच्या गल्लीत ब्लाउज शिवून देणाऱ्या मार्थाबाई शनिवार पाळतात. रविवारी चर्चला जाणारे ख्रिस्ती मला ठाऊक होते. यांचा शब्बाथ, म्हणजे कामाला हात न लावण्याचा विश्रांतीचा दिवस, मात्र शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. परवा नेमकी त्याच वेळी मी ब्लाउज न्यायला गेले. एक बाही अर्धी जोडून झाली होती. मार्थाबाईंनी खिडकीतून टेकडीकडे पाहिलं, मशीनची सुई वर घेतली आणि मशीनवर धुतलेली पांढरी चादर घातली.

"अहो, उद्या भाचीचा साखरपुडा आहे. चार टाके तर राहिलेत!"

"राहू देत ताई. सहा दिवस जग घडवून देव सातव्या दिवशी थांबला. त्यालाही वाटलंच असेल, अजून थोडं करावं म्हणून."

चिडूनच निघाले. पण वाटेत रागाची जागा कुतूहलानं घेतली. काम संपल्यावर कुणीही थांबतं. हातातलं अर्धं ठेवून थांबायला काय लागत असेल?

घरी येऊन सवयीनं मेथी निवडायला बसले. निम्मी झाल्यावर मुद्दाम थांबले. हात थांबले खरे, पण ते ठेवायचे कुठं, हेच मला कळेना.