पश्चिमेची भिंत

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. वडील गेले तेव्हा सांगितलं नाही, बायको होती तोवर तिलाही नाही. आता बंगल्यामागच्या खोलीत मी एकटा राहतो. पावसाळ्याचे चार महिने माणसाचा आवाज क्वचितच कानी पडतो. म्हणून असेल — तुम्हाला सांगावंसं वाटतं.

गोष्ट एका भिंतीची आहे. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मीही बरीच वर्षं स्वतःला तसंच म्हणत आलो.

मी कुरवंड्याचा. भात झोडून झालं की माझे वडील लोणावळ्यात चुना मळायला जात, कासमचाचाच्या हाताखाली. कासमचाचा वलवणचा गवंडी. टेकडीवरच्या निम्म्या बंगल्यांचा गिलावा त्याच्या हातचा. त्या हिवाळी कामावर माझी शाळा झाली आणि पुढे पुण्याचं कॉलेजही झालं. घराण्यात मी पहिला बी.ए. — पण नोकरी कुठे होती? तेव्हा कासमचाचाच मला एका बंगल्याच्या शेठजींपुढे घेऊन गेला आणि म्हणाला, "पोरगा कुरवंड्याचा हाय, पर लिवनं सायबावानी हाय. माज्या शब्दावर ठेवा." शेठजी मुंबईला राहत. बंगल्याची देखरेख आणि पत्रव्यवहार त्यांनी माझ्याकडे दिला. खुर्ची मिळाली. ती त्याच्या शब्दावर मिळाली, हे लक्षात ठेवा.

आमच्याकडे चुन्याच्या कामाला वेळ असते. दिवाळी झाली, हवा गार झाली की गिलावा करायचा. उन्हाळ्यात केला तर तो घाईने सुकतो आणि तडकतो. गारव्यात ओल्या गोणपाटांखाली तो हळूहळू धरतो. आणि पश्चिमेची भिंत — घाटातून येणारा पाऊस सरळ तिच्यावर आडवा मारतो — ती भिंत मृगाच्या आधी बांबूच्या तट्ट्यांनी झाकायची. नवी असेल तर पहिले दोन पावसाळे अजिबात उघडी टाकायची नाही. तट्टे काढायचे ते हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस सरल्यावर. मग कासमचाचा येई, बोटाच्या पेराने भिंतभर टकटक करी आणि कान लावून ऐके. पोकळ वाजलं की तेवढा तुकडा खरवडून नवा करी. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणजे अजाणतेपणी झालं, असं मला म्हणता येणार नाही.

त्या हिवाळ्यात पश्चिमेची भिंत नवी झाली होती. पुढच्या श्रावणात शेठजींचं पत्र आलं — पाहुण्यांना घेऊन येतो आहे, व्हरांड्यातून दरी दिसली पाहिजे, व्हरांड्यापुढच्या तट्ट्यांमुळे अंधार होतो, काढता येतील का?

मी कासमचाचाला विचारलं. हो, विचारलं होतं. तो बाजारात एका दुकानाच्या वळचणीला बिडी ओढत उभा होता. आजूबाजूला चार माणसं. तो हसायलाच लागला.

"हत्तीच्या आदी तट्टं काडायचं? नवी नवरी पावसात उबी करतोस व्हय, सदा? बी.ए.ला नक्षत्रं शिकवत न्हाईत वाटतं."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसू मला लागलं. — किती लागावं? ज्याने मला उभं केलं त्याची थट्टा एवढी लागावी?

घरी येऊन मी शेठजींना उत्तर लिहिलं. इंग्रजीत, फार सुंदर अक्षरात. पावसाचा जोर ओसरला आहे, तट्टे काढायला हरकत नाही. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. मी आणखी एक ओळ लिहिली — गवंड्याशी बोललो आहे, त्याचीही संमती आहे. का लिहिली? शेठजींना माझ्या एकट्याच्या शब्दावर भरवसा वाटणार नाही, अशी भीती वाटली. म्हणजे मी त्याला झिडकारलं, तेही त्याचाच शब्द वापरून.

तट्टे मी माळ्याकडून काढवून घेतले. पाहुणे आले. दोन दिवस ऊन होतं, दरी दिसली, माझं कौतुक झालं. मग झड लागली. तीन दिवस वारा आणि पाऊस आडवा. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे व्हरांड्यात चहा घेत होते आणि माणसाएवढा गिलावा भिंतीवरून सुटून खाली आला. कुणाला लागलं नाही. एका बाईंच्या कपात चुना उडाला, एवढंच. पण शेठजींचा चेहरा मी पाहिला.

त्यांनी कासमचाचाला बोलावून घेतलं. तो भिजत आला, पायरीखालीच उभा राहिला. आधी भिंतीकडे पाहिलं, मग बाजूला रचलेल्या तट्ट्यांकडे. शेठजी म्हणाले, "तट्टे काढायला तूच हो म्हणालास ना? यांनी मला तसं लिहिलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच होतो, चार हातांवर. तोंड उघडायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ त्याने मला दिला. खरंच दिला. तो थांबला होता.

मी खाली पडलेला चुना पाहत राहिलो.

मग तो म्हणाला, "सायबांनी लिवलंय न्हवं? मंग तसंच आसंल."

जन्मापासून मी त्याचा सदा होतो. त्या सकाळी साहेब झालो. पुन्हा त्याने मला कधी सदा म्हटलं नाही.

शेठजी जास्त बोलले नाहीत. "ज्याला तट्टा कधी काढायचा कळत नाही, तो कसला गवंडी," एवढंच पाहुण्यांना म्हणाले. पाहुण्यांचेही टेकडीवर बंगले होते. पुढल्या हिवाळ्यात त्याला कुणी बोलावलं नाही.

तरी दिवाळीनंतर तो आमच्या बंगल्यावर आला. न बोलावता. चुना स्वतः मळला, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर स्वतः घातला. सगळी भिंत खरवडून पुन्हा केली. मी रोज खिडकीतून पाहत होतो. एकदाही बाहेर गेलो नाही. शेवटच्या दिवशी त्याने थापी धुतली, दाराशी येऊन म्हणाला, "गोनपाटं वली ठेवा, सायब," आणि गेला. पुढे तो मुलाकडे तळेगावला राहायला गेला, दुसऱ्या गवंड्यांच्या हाताखाली चुना मळू लागला. माझे वडील त्याच्या हाताखाली मळत तसा. तिथेच तो वारला. कळलं तेव्हा मी गेलो नाही. तळेगाव काही लांब नाही.

वडिलांनी एकदाच विचारलं होतं, "कासम असं कसं चुकला रं?" मी म्हणालो, वय झालं त्यांचं.

नोकरी टिकली. पगार वाढला. दर वर्षी मृगाच्या आधी मी तट्टे बांधून घेतो, हत्ती सरेपर्यंत काढू देत नाही. चार महिने बंगल्यात अंधार असतो, तट्ट्यांवर पाऊस वाजत राहतो आणि मी आत दिवा लावून बसतो. आसपासच्या बंगल्यांचे मालक गिलाव्याबद्दल आता मलाच विचारायला येतात. साहेबांना चुन्यातलं कळतं, असं म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या बंगल्याच्या नव्या मालकाने आमच्या त्या भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, एवढं गुळगुळीत काम कुणाचं?

मी म्हणालो, माझ्या देखरेखीखाली झालं.

तो गेल्यावर मी भिंत वाजवून पाहिली. खालून वरपर्यंत, हात पोचेल तिथवर. कुठेही पोकळ वाजली नाही.