कळकलेली संत्र्याची वाइन

बचत गटात वाइन करायचं शिकवलं, तेव्हापासून आम्ही चौघी शनिवारी दुपारी जेवणं उरकली की एकीच्या मागच्या खोलीत जमायचो. जिनं नवी बरणी उघडली असेल ती बाटली आणायची, स्टीलच्या छोट्या पेल्यांत ओतायची आणि मग प्रत्येकीनं कशी लागते ते सांगायचं. जांभळाची जीभ ओढून धरते, कच्च्या सुपारीसारखी. बोरांची आधी काहीच लागत नाही, मग घशात ऊन उतरतं. आमच्यातली थोरली तंबाखू खायची, तिला सगळ्याच झकास लागायच्या. "माह्या बुढ्यापेक्षा बरी हाय वो," म्हणायची, "पोटात गेली का डोकं शांत करते. तो तं तापवते."

मी कमी बोलते. चौथी शिकलेली, चारचौघींत तोंड उघडलं की घाम फुटतो. पण माझी जीभ पक्की आहे हे त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गल्लीतली माझी मैत्रीण तर पेला ओठाला लावायच्या आधी माझ्याकडेच बघायची. मी मान डोलावली की तिची बाटली पास.

मागच्या हिवाळ्यात तिनं संत्र्याची आणली. बागेत गळून पडलेली फळं तिनं स्वतः वेचली होती. रंग सुरेख. पहिला घोट गोड, त्यामागून सालीचा कडूपणा, आणि मग जिभेच्या मुळाशी पितळेची कळक. मला लगेच समजलं. तिच्याकडे सासूच्या वेळची पितळी गुंडी आहे, कल्हई केव्हाच गेलेली. कल्हईवाला आता आमच्या पांढुर्ण्यात फिरकत नाही. आंबट पितळेत राहिलं की कळकतं, हे तिलाही माहीत होतं. पण गाळायला दुसरं मोठं भांडं नव्हतं, एवढ्याशा वेळानं काय होतं, असं तिला वाटलं असणार.

"एकदम बढिया!" थोरली म्हणाली. तिसरीला सर्दी होती, तीही हो म्हणाली.

"सौसरच्या व्याह्यानं मांगतली," मैत्रीण म्हणाली. "उद्या पाठवून राहिली. पोरीच्या लग्नापासून पहिल्यांदाच माह्या हातचं काही मांगतलं त्याईनं." मग माझ्याकडे वळली. "तू सांग न वो."

मी मान डोलावली.

वाटलं, बाहेर पडल्यावर एकटीला सांगीन. बाहेर ती हसत होती, पोरीचंच बोलत होती. माझं दार आलं.

आम्ही घोटघोटच घेतली होती, तिकडे त्यांनी बाटली रिकामी केली. व्याही आणि त्यांचा भाऊ दिवसभर ओकत राहिले. सासरच्यांनी पोरीला सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या मायनं हे काय पाठवलं?

मैत्रीण धावत माझ्याकडे आली. "खरं सांग. तुले काही लागलं होतं का?"

हो म्हटलं तर ती विचारील, मग तेव्हा काहून नाही बोलली? माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

"नाही वो. चांगली होती."

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे नाटक करून राहिले ते!" माझ्यासमोरच तिनं विहिणीला फोन लावला. "माह्या मैत्रिणीनं पेली, तिची जीभ कधी चुकत नाही. तुमच्याच घरचं मटण सडलं असन!"

तेव्हाही थांबवता आलं असतं. मी भांडी घासत राहिले.

त्यानंतर पोरगी माहेरी आलेली नाही. पहिलं बाळंतपण इथं व्हायचं, ते आता सौसरलाच होणार. मैत्रीण माफी मागत नाही. आपलं काही चुकलंच नाही असं तिला वाटतं, आणि ते माझ्यामुळे वाटतं. शनिवारचं जमणं बंद पडलं. तिचं माझ्याकडे येणं मात्र वाढलं. म्हणते, "तू होती म्हणून मी टिकली."

मी सांगितलं तर ती मला दारात उभं करणार नाही. पण मग ती सौसरला जाऊन हात जोडील, आणि पोरगी येईलही. एवढं साधं आहे. कितीदा ठरवलं, कितीदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.

काल ती बाळासाठीची गोधडी घेऊन आली. कोणाच्या हाती पाठवू, ते घेतील का, विचारत होती. मी सुईत दोरा ओवून दिला. एक बाजू ती शिवत होती, दुसरी मी. दुपारभर घरात आम्ही दोघीच. एकदा मी तोंड उघडलंही.

"काय वो?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, "टाके जवळ घाल."