जिभेवरचा कोळसा

ट आणि ड म्हणताना माणसाची जीभ टाळूला नेमकी कुठे टेकते, हा माझ्या संशोधनाचा विषय होता. सत्तरच्या दशकात लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुलीने लोकांच्या तोंडात डोकावत फिरावं, हे घरच्यांना मुळीच पटत नव्हतं. मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यांची तुलना करायची होती. वाशीमच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने उर्दूसाठी हसत हसत जीभ दिली. मराठीसाठी हवी असलेली वऱ्हाडी बोलणारी मात्र कुणी मिळेना, आणि तिच्यावाचून प्रबंध अडला होता.

पद्धतच तशी होती. कोळशाची पूड पाण्यात कालवून कापसाने जिभेवर फासायची, एक शब्द म्हणायला लावायचा, आणि टाळूवर उमटलेला डाग आरशात पाहून कागदावर काढायचा. आपण होऊन काळं तोंड करून घ्यायला कोण येणार?

आसेगावात शेवटी एक बाई तयार झाली. शेतमजुरी करायची, घर बौद्ध वस्तीत. त्या दिवशी कामाला न जाता, धुतलेलं लुगडं नेसून ती माझी वाट पाहत बसली होती. पूड कालवायला तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पिशवीतून माझी बाटली काढली.

"काहून? आमचं पानी चालत नाई काय तुमाले?" एवढं विचारून तिने तोंड मिटलं.

उकळलेलंच पाणी वापरायचं, असा आमच्या सरांचा नियम होता. मी तो सांगितला. नियम खरा होता. पण पुण्याला आमच्याकडे कामवाल्या बाईचा कप वेगळ्या कोनाड्यात असे, हेही खरं होतं. सांगता सांगता माझा मलाच भरवसा वाटेना.

मी बाटली पिशवीत टाकली. तिच्या तांब्यातल्या पाण्यात पूड कालवली आणि आधी माझ्याच जिभेला फासली. "पाटी" म्हणाले, तोंड वासलं आणि आरसा तिच्या हाती दिला. बैल विकत घेताना पाहावं तसं तिने निवांत पाहिलं.

"तुमची जीभ त लय मांगं जाते," ती म्हणाली. मग मी दुसरा कापूस घेतला आणि तिने जीभ बाहेर काढली. डाग खरंच माझ्यापेक्षा पुढे उमटला होता.

तेवढ्यावर ती थांबली नाही. दारात जाऊन तिने शेजारणींना हाक मारली, "या वं, बाईनं आपलं पानी तोंडात घेतलं." दुपारपर्यंत पाच जणी येऊन जिभा काळ्या करून गेल्या. माझ्या ट-डशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मला एक जीभ हवी होती, सहा मिळाल्या. प्रबंध उभा राहिला तो त्या सहा जणींच्या जिवावर, आणि पुढची सगळी नोकरी त्या प्रबंधावर. त्यांचे उपकार मी एक दिवसही विसरले नाही.

पण प्रबंधात साहित्याची यादी द्यावी लागते. कोळशाची पूड, कापूस, आरसा. पाण्यापुढे मी 'उकळलेले' असं लिहिलं, आणि ते अजून तसंच छापलेलं आहे.