सिमेंटच्या कड्यावरच्या रानमेंढ्या

सिंगापूरला निघतानाच मी मुलाला सांगितलं होतं, मला मॉल दाखवू नकोस, जनावरं दाखव. जन्म मेंढरांमागे गेलाय माझा. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी यिशुन भागातल्या त्याच्या फ्लॅटवरून मी आणि अकरा वर्षांची नात अनया बसने प्राणिसंग्रहालयात गेलो.

आधी पोट भरलं. काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड लेप लावलेला पाव) चांगला लागतो, पण तुकडे एवढेसे! मी चार खाल्ले.

रानमेंढ्या सिमेंटच्या उंच कड्यावर होत्या. कसल्या मेंढ्या! अंगाला लोकर नाही, गळ्याखाली मात्र लांब केस.

"आजी, या आफ्रिकेच्या डोंगरातल्या," अनयाने पाटी वाचून सांगितलं.

इथल्या घामट हवेत त्यांचं कसं निभतं कोण जाणे. पण चार बोटांच्या कंगोऱ्यावर चारी पाय ठेवून उभ्या होत्या.

तेवढ्यात आरडाओरडा झाला. तीन-चार दिवसांचं कोकरू वरच्या कंगोऱ्यावर अडकलं होतं. आई खाली, कड्याच्या पायथ्याशी खोल खंदक. उडी चुकली तर मान मोडणार. तिथली राखणदार बाई जाळं आणायला निघाली.

"जाळं नको. घाबरून उडी टाकेल," मी म्हणाले. अनयाने तिला इंग्रजीत समजावलं.

"मग कसं करायचं, आंटी?" बाईने विचारलं.

"मी बोलावते सगळ्यांना खाली."

"आजी, डोन्ट लाह!" अनया तिथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट काढून आलेत."

तोंडात दोन बोटं घालून मी शीळ मारली, "हुर्रर्र" केलं. आमची मेंढरं एवढ्यावर ओढ्यापलीकडून धावत येतात. या धावल्या त्या थेट वर! अख्खा कळप कड्याच्या माथ्यावर. चूक माझीच होती.

पण कळपाबरोबर आईही वर पोचली. तिने कोकराला नाकाने ढोसलं आणि मागच्या बाजूच्या, आम्हाला न दिसलेल्या वाटेने ती उतरू लागली. कोकरू तिच्या मागोमाग खाली आलं. टाळ्या पडल्या.

"आंटी, सो क्लेव्हर!" राखणदार बाई म्हणाली.

"हिला सांग, मी त्यांना खाली बोलावत होते."

अनया हसत सुटली. तिने काही ते सांगितलं नाही.

महिन्याने गावी परतले. मेंढरू माणसाशिवाय जगत नाही, असं मी जन्मभर सांगत आले. भ्यालं की माझं मेंढरू माझ्या पायात घुसतं. त्या रानमेंढ्या मात्र कड्याकडे धावल्या, कडा सिमेंटचा असूनही. आमच्या मेंढरांचाही आसरा एकेकाळी डोंगरच असणार; तो त्यांना आम्हीच विसरायला लावला, एवढं मला आता कळलंय.