लोणच्यातलं मीठ

हे मी नवऱ्याजवळसुद्धा कधी बोलले नाही. तशी मी फटकळ — तोंडावर बोलणारी म्हणून शाळेत माझं नाव होतं. पण ही गोष्ट जिभेवर आली की मी भलतंच काही बोलायला लागायची. आज बोलते.

अमरावतीला मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. बाबा दर्यापूरकडे, गावात एकटे. आई आधीच गेलेली. आम्ही धम्म घेतला त्यानंतरची ही वर्षं. पोरीला शिकवतो म्हणून बाबांनी भावकीचं काय काय ऐकून घेतलं — जाऊ द्या. एकदा मला भेटायला आले ते दुखरी दाढ धरूनच. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाढेआधी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला. मग बाबांना बाहेर बसवलं आणि मला थांबवून घेतलं.

रक्तदाब फार वाढलाय, म्हणाले, दोनशेच्या वर. काही दुखत नाही, म्हणूनच हा घातकी. डोक्यातली शीर फुटेल, हृदय थकेल, मूत्रपिंडं जातील. मीठ तोडायचं, गोळ्या रोज, दर महिन्याला तपासणी. घरात कोणीतरी लक्ष ठेवणारं हवं.

कोणीतरी म्हणजे कोण? मीच की.

बाबा बाकावर बसले होते, टोपी मांडीवर. "बाई, काय म्हणे डाक्टर?"

"दाढेची सूज उतरू द्या म्हणते. बाकी तब्येत चांगली हाय."

"मले वाटलंच. तू घोर नको करू."

रक्तदाबाच्या गोळ्या दाढेच्या म्हणून दिल्या. संपल्यावर पुन्हा आणल्या नाहीत.

ते घाबरतील म्हणून लपवलं — असं मी स्वतःला कितीदा समजावलं. पण सांगितलं असतं तरी त्यांनी मला ट्रेनिंग सोडू दिलं नसतं, हे मला ठाऊक होतं. मग काहून नाही सांगितलं? दोघांनाही ठाऊक असताना त्यांना एकटं टाकून जायची हिंमत माझ्यात नव्हती. त्यांना अंधारात ठेवून जायची मात्र होती.

उन्हाळ्यात घरी गेले. ज्याच्या हातचं लोणचं टिकतं त्यानंच त्यात मीठ घालायचं, अशी आमच्याकडे रीत. आधी आईचा हात, मग माझा. "मीठ तुह्याच हातानं टाक, बाई," बाबा म्हणाले, "शेजारच्या काकूच्या हातचं नासते." वर्षभर ते भाकरीसोबत रोज हेच खाणार, हे मला माहीत होतं. मी मुठीमुठीनं मीठ घातलं. फोडी चांगल्या माखून घेतल्या.

मी पास झाले. बरणी संपायच्या आधीच बाबांची उजवी बाजू गेली.

मग त्यांना मी नोकरीच्या गावी आणलं, अळणी वरणभात भरवू लागले. एका बाजूनं वाकडं झालेलं तोंड हलवत ते म्हणायचे, "गोड हाय, बाई." माझे डोळे भरलेले दिसले की त्यांना वाटायचं, पोरीच्या घशाखाली अळणी उतरत नाही. "तू घे ना मीठ," म्हणायचे, "माह्यासाठी काहून उपाशी?"

ते होते तोवर मीही त्यांच्यासोबत अळणीच जेवले. सांगितलं मात्र नाही.