आधी पप्पा

शेठला कोणी हात लावलेला चालत नसे. शेवटच्या रविवारी आम्ही ओट्यावर बसून नखं काढली. आधी मी माझ्या एका बोटाचं काढायचं, त्याने ते वाकून बघायचं, मग आपलं तेच बोट पुढे करायचं. असं बोटागणिक.

शेठ म्हणजे माझा मुलगा, तिशी ओलांडलेला. लूमच्या खात्यात माझ्याजवळ बसून सुताच्या कांड्या भरायचा. कोणी पाठीवर थाप मारायला गेलं की हा लांब सरके. कारागीर म्हणत, "बाजूला व्हा रे, शेठची इस्त्री मोडेल." अंगात रोजची मळकी बनियन. तिथून नाव पडलं.

लहानपणीच एका डॉक्टरणीने ऑटिझम सांगितलं होतं. बोलायचा थोडं, तेही ठरलेलं. त्याची आई होती तेव्हा तिनेच ही रीत पाडली, त्याला जे करायचं ते आधी आपल्याला करायचं. न्हाव्याकडे आधी मी बसे. तापात थर्मामीटर आधी माझ्या काखेत. "आधी पप्पा," म्हणायचा आणि मग गुमान बसायचा.

त्या आठवड्यात जेवण सुटलं. कांड्या टाकून, पोट धरून भिंतीशी बसला. जवळच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरने हात पुढे केला तसा ओरडत दाराशी गेला.

मी म्हटलं, "साहेब, आधी माझं पोट दाबा. तो बघेल, मग झोपेल."

शेठ दारातून तेच म्हणत होता, "आधी पप्पा. आधी पप्पा."

डॉक्टर गुजराती. म्हणाला, "काका, पेशंट तमे छो के ए? बाहेर लाइन बघा. याला शांत करून आणा." गॅसच्या गोळ्या लिहिल्या. हात लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेला तोवर अपेंडिक्स फुटून अंगभर विष झालं होतं. बेशुद्ध होता, म्हणून तिथे सगळ्यांनी हात लावला. संध्याकाळी गेला.

त्याला जाळून आलो. सकाळी शेजारी म्हणाले, सुतकात कुठे जाता. मी त्या पहिल्या दवाखान्यात जाऊन लाइनीत बसलो. डॉक्टरने ओळखलं नाही. "क्यां दुखे छे, काका?" मी पोटावर हात ठेवला. त्याने टेबलावर झोपवलं, बनियन वर केली, चारी बाजूंनी दाबून बघितलं. घोटभर चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. "कंई नथी, उठा."

मी उतरलो, टेबल मोकळं केलं, बाजूला उभा राहिलो.

"माझं झालं, साहेब. आता त्याचं बघा."